पोकळ भिंतीवरचा फुलोरा

अमडापूरच्या बाजाररस्त्यावर उकंडरावांचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुपारचं जेवण झालं की उकंडराव मागच्या खोलीत आडवे होतात आणि गल्ल्यावर त्यांची बायको सत्यभामाबाई बसते. गावातल्या मिस्त्र्यांना विचाराल तर ते सांगतील, सामान घ्यायचं तर दुपारीच जावं. उकंडराव मागेल ते देतात. सत्यभामाबाई आधी विचारते.

‘‘कायले लावाचं हाय? वजन किती येईन? भिंत कायची हाय?’’

याची उत्तरं मिळाल्याशिवाय तिच्याकडून साधा स्क्रूसुद्धा सुटत नाही. लाकडाची पट्टी काँक्रीटला ठोकायची असेल तर ती लोखंडी फास्टनर काढते. तो आवळताना आतल्या आत फुगतो आणि भोकाला गच्च धरतो. पक्क्या विटेलाही तो चालतो, फक्त भोक विटेच्या पोटात पाडायचं, दोन विटांमधल्या दरजेत नाही. हलकं काही असेल तर प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू पुरे. पोकळ ब्लॉकच्या भिंतीला मात्र फुगणारा फास्टनर कामाचा नाही. आत सगळी पोकळीच, त्यानं फुगून धरायचं कशाला? उलट वरचं पातळ कवच तो फोडून ठेवतो. त्या भिंतीला ती पाकळीचा बोल्ट देते. हा मिटून आत जातो, पोकळीत पाकळ्या उघडतो आणि भिंतीला मागून कवेत घेतो. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तणतणत परत आलेल्या गिऱ्हाइकांनी शिकवलं.

सत्यभामाबाईचा सगळा जमाखर्च असा चोख. एकाच खात्यावर आला की तिचा हात अडखळायचा. ते खातं संजीवनीचं, म्हणजे तिच्या धाकट्या जावेचं.

उकंडरावांचा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर चिखलीच्या एका कॉलेजात लिपिक आहे. त्यानं गावाबाहेर चिखली रस्त्याला नवं घर बांधलं. दोघी जावांची तुलना करायची तर सत्यभामाबाईच्या जमेला थोरलेपण, चालतं दुकान आणि पुरणाची अशी पोळी की भावकीतली माणसं तिच्यासाठी बुलढाण्याहून यायची. संजीवनीच्या जमेला स्लॅबचं घर आणि घरातल्या घरात संडास. ही दुसरी रक्कम हसण्यावारी नेऊ नका. तिच्याच जोरावर सासू, जनकाबाई, गुडघे दुखायला लागल्यावर थोरलीचं घर सोडून धाकटीकडे राहायला गेल्या.

सासू गेली याचं सत्यभामाबाईला फार दुःख झालं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण सासूच्या मागोमाग महालक्ष्म्याही निघाल्या, आणि ते मात्र तिच्या काळजाला जाऊन लागलं.

भादव्यात येणाऱ्या या ज्येष्ठा-कनिष्ठा तिच्या लग्नाआधीपासून थोरल्या घरात बसत होत्या. त्यांचे पितळी मुखवटे चिंचेनं घासायचे ते तिनं, डोळ्यांत काजळ घालायचं ते तिनं. वर्षातले ते दिवस भावकीतल्या सगळ्या बाया तिच्या चुलीभोवती फिरायच्या आणि मीठ किती टाकायचं तेही तिला विचारून टाकायच्या. बाकी वर्षभर ती उकंडरावांची बायको असायची. महालक्ष्म्यांच्या दिवसांत ती सत्यभामाबाई असायची.

जनकाबाईंनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी सुनांना समोर बसवून सांगितलं, ‘‘यंदा नव्या घरात बसवू. बिनविघ्न पार पडलं तं त्या तिथंच राहतीन. काही उणं झालं तं परत थोरलीकडं. मंग मले कोणी बोलाचं नाही.’’

‘‘तुमी म्हणसान तसं, आत्याबाई,’’ दोघी एकदमच म्हणाल्या, आणि त्या वर्षात त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

मुखवट्यांबरोबर मंडपीही गेली. मंडपी म्हणजे महालक्ष्म्यांच्या डोक्यावर आडवी टांगायची सागवानी चौकट. तिला फुलोरा बांधतात. करंज्या, साटोऱ्या, पापड्या, शिवाय काकड्या, कणसं, पेरू, सीताफळं, नारळ. भरली की ती चांगलीच जड होते. थोरल्या घरात ती छताच्या लाकडी सऱ्यांना दोरीनं बांधलेली असायची. नव्या घरात सरे कुठले? म्हणून संजीवनी एका दुपारी दुकानात आली.

‘‘जाऊबाई, मंडपी लावाची हाय,’’ ती म्हणाली. ‘‘समोरून दोन साखळ्या स्लॅबले टांगाच्या, अन् मागची पट्टी भिंतीले ठोकाची. प्रेम मिस्त्री म्हणे, सामान तुमच्याकडूनच आणा.’’

दुकानात शेजारची सारिका रंगाचे ब्रश निवडत उभी होती. निवडणं तिचं कधीच झालं होतं, पण दोन जावा समोरासमोर आल्यावर दुकान सोडून जाईल अशी बाई अमडापुरात अजून जन्मायची आहे.

सत्यभामाबाईनं स्लॅबचे फास्टनर काढून ठेवले. मग विचारलं, ‘‘अन् मागची भिंत कायची हाय?’’

इथं एक गोष्ट सांगायला हवी. संजीवनीनं वास्तुशांतीला साऱ्या भावकीला सांगितलं होतं की घर सगळं पक्क्या विटेचं आहे. तेव्हा ते खरंही होतं. पुढे सासूला वरती चढवेना, म्हणून खालचा हॉल मधून तोडून तिला खोली काढली. ती मधली भिंत ज्ञानेश्वरनं पोकळ ब्लॉकची घातली. काम लवकर उरकलं, वर गिलावा आणि पोपटी रंग बसला, आणि कुणाला काही कळलं नाही. निदान संजीवनीचा तसा समज होता. ब्लॉकची ट्रॉली तिनं ताडपत्री झाकून आणवली होती. पण आठवडी बाजाराच्या गर्दीत ती नेमकी उकंडरावांच्या दुकानासमोर अडली, आणि ताडपत्रीचं एक टोक वाऱ्यानं उडालं होतं.

तेव्हा सत्यभामाबाईनं विचारलं ते माहीत असून विचारलं.

संजीवनीनं एकदा सारिकाकडे पाहिलं. ‘‘पक्की वीट. आमचं सारंच पक्क्या विटेचं हाय न.’’

‘‘मधातलीही?’’

‘‘सारंच म्हणलं न, जाऊबाई.’’

सत्यभामाबाईच्या डाव्या हाताला पाकळीच्या बोल्टांचा डबा होता आणि उजव्या हाताला फास्टनरचा. डावा हात उचलला गेलाही होता. पण तो डब्यापर्यंत पोचण्याआधी तिला दुसरंच काही दिसलं. नव्या हॉलमध्ये पोपटी भिंतीसमोर बसलेल्या तिच्या महालक्ष्म्या, त्यांच्याभोवती भावकीतल्या बाया, आणि मधोमध कंबरेला पदर खोचून ‘मीठ थोडं कमी टाका’ म्हणणारी संजीवनी. डावा हात खाली गेला आणि उजवा उठला.

‘‘मंग हे धरतीन,’’ ती म्हणाली. पक्की वीट असती तर ते धरलेच असते. शब्दाला शब्द लावून पाहिला तर त्यात खोटं काही नव्हतं.

पण संजीवनीलाही स्वतःचा संशय होता. थोरलीनं आपल्याला मुद्दाम बारकं काढून दिलं, असं तिला वाटलं. ‘‘याच्यात मोठे नाहीत काय?’’

‘‘हाय न. मोठे घे.’’

पोकळ भिंतीत मोठा फास्टनर म्हणजे मोठं भोक आणि वर उरलेलं कवच आणखी लहान. सत्यभामाबाईनं ते कागदात बांधलं आणि गाठही पक्की मारून दिली.

दुसऱ्या दिवशी प्रेम मिस्त्रीनं मशीन लावलं. स्लॅबला ते घुरघुरत, धूळ सांडत गेलं. भिंतीला लावलं तसं थोडं कुरकुरलं आणि एकदम मुठीपर्यंत आत गेलं. फास्टनर घातला, पान्यानं आवळला, तर तो नुसताच गरगर फिरायला लागला.

‘‘काकू, हे पोकळ हाय,’’ प्रेम म्हणाला. ‘‘याले दुसरा बोल्ट लागते. दुकानातून घेऊन येतो.’’

‘‘तिकडं जाऊ नको,’’ संजीवनी म्हणाली.

‘‘काऊन?’’

‘‘जाऊ नको म्हणलं न. काही भरून बसव.’’

जाऊ नको म्हणण्याला काय वजन होतं, ते प्रेमला कळायचं कारण नव्हतं. त्यानं खांदे उडवले, भोकात सिमेंट कोंबलं, फास्टनर दाबून बसवला आणि दोन दिवस हात लावू नका म्हणून सांगितलं. वाळल्यावर पट्टी लावून मंडपी चढवली, हातानं ओढून पाहिली. ‘‘मंडपी धरीन,’’ तो म्हणाला. ‘‘फुलोऱ्याचं मी नाही सांगत. जास्त नका लटकवू.’’

सांगितलं कुणाला, तर संजीवनीला. तिनं थोरल्या घरात बांधायच्या त्याच्या दुप्पट करंज्या तळून ठेवल्या होत्या.

पूजनाच्या दिवशी सकाळी सत्यभामाबाई पुरण घेऊन नव्या घरी गेली. जाताना ती असं ठरवून गेली होती की कशालाही नावं ठेवायची नाहीत, कारण लोक तिच्या तोंडून तेच ऐकायला टपलेले असणार. दारातच तिला महालक्ष्म्या दिसल्या. हिरवे शालू, नथी, पुढे त्यांची बाळं, मागे पोपटी भिंत. काजळ जरा जाड झालं होतं. तेवढं एक जाड काजळ सापडल्यावर तिला बरं वाटलं.

‘‘कशा दिसतेत, थोरले?’’ जनकाबाईंनी विचारलं. त्या देवीच्या अंगालाच, भिंतीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. खुर्चीवरून सगळं दिसतं म्हणून.

‘‘गोड दिसतेत, आत्याबाई.’’

सारिका आणि भावकीतल्या बाया फुलोरा बांधत होत्या. संजीवनी स्टुलावर उभी राहून हात पुढे करायची आणि खालून कुणी करंजी, कुणी काकडी द्यायचं. पुढच्या अंगाला जड काही बांधलं तर मुखवटे झाकतात, म्हणून सगळे नारळ ती मागच्या पट्टीला, भिंतीच्या बाजूनं बांधत होती. सत्यभामाबाईला त्या झुपक्यांचा हेवा वाटला. इतका भरलेला फुलोरा तिच्या घरी कधी झाला नव्हता. आता भावकी वर्षभर हेच बोलेल, अशा विचारात ती पुढे गेली आणि ज्येष्ठेच्या खांद्यावर पांढरं काही पडलेलं दिसलं म्हणून पुसायला वाकली.

बोटाला लागलं ते तांदळाचं पीठ नव्हतं. खरखरीत होतं. तिनं वर पाहिलं. मागच्या पट्टीवरचा एक फास्टनर लाकडासकट भिंतीपासून नखभर बाहेर आला होता आणि त्याच्या भोवती पोपटी रंगाला तडा गेला होता.

असं काही तिनं मनात कितीदा तरी पाडून पाहिलं होतं. पण मनातली मंडपी पडायची ती रिकाम्या जागेवर. प्रत्यक्षात खाली मुखवटे होते, तिच्या हातांनी घासून गुळगुळीत झालेले. शेजारी खुर्चीवर सासू. आणि पडल्यावर पहिला प्रश्न कुणी विचारला असता तर तो हाच, की सामान कुठल्या दुकानातलं? भिंत ब्लॉकची आहे हे भावकीत कुणाला ठाऊक नव्हतं. फास्टनर थोरलीनं दिले हे सारिकानं गावभर केलं असतं. पाकळीचा बोल्ट दिला असता तर नाव झालं नसतं, पण बट्टाही लागला नसता. सत्यभामाबाईला स्वतःचा असा राग आयुष्यात पहिल्यांदाच आला, आणि तोही चुकलं म्हणून नाही तर नीट आखलं नाही म्हणून.

‘‘उतर, मी बांधते,’’ ती संजीवनीला म्हणाली. ‘‘फुलोरा थोरलीच्या हातचा असते.’’

‘‘तो तिकडं. इथं मी बांधून राह्यली.’’

‘‘नारळ समोर घे. मागं शोभत नाहीत.’’

‘‘समोर घेतले तं तोंडं झाकतीन.’’

सत्यभामाबाईनं ऐकलं नाही. तिनं दुसरं स्टूल ओढलं आणि मागचा नारळ सोडून पुढे, साखळीजवळ बांधला. संजीवनीनं तो सोडून परत मागे बांधला. खालच्या बायांचे हात थांबले. एकच नारळ दोघींच्या हातांतून असा फिरत असताना जनकाबाई म्हणाल्या, ‘‘बायांनो, देवीचा फुलोरा हाय तो, तुमच्या वाटणीचा नाही.’’

‘‘संजीवनी, जरा आत ये,’’ सत्यभामाबाई म्हणाली. ‘‘पुरण पाह्य.’’

‘‘पुरण तुमी आणलं न. मी काय पाहू?’’

‘‘ये म्हणते न.’’

स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. सत्यभामाबाईनं तो बंद करणाऱ्या पोरीला चालूच ठेव म्हणून खुणावलं आणि संजीवनीला कोपऱ्यात घेतलं.

‘‘मागचा बोल्ट निघून राह्यला. नारळ काढ तिथले.’’

‘‘तुमीच तं देले. मोठे देले.’’

‘‘भिंत ब्लॉकची हाय.’’

संजीवनीच्या चेहऱ्यावरून एक रंग गेला आणि दुसरा आला. ‘‘कोणी सांगतलं?’’

‘‘ट्रॉली माह्या दुकानासमोर उभी होती.’’

मग संजीवनीच्या ध्यानात दुसरी बाजू आली, आणि ती सावकाश म्हणाली, ‘‘म्हणजे तुमाले माहीत होतं. माहीत असून हेच देले.’’

‘‘तू पक्की वीट म्हणली. मी विटेचे देले.’’

‘‘मामुली नाही, जाऊबाई, हे. आत्याबाई खाली बसल्या हायेत.’’

‘‘म्हून तं तुले आत आणलं. नाही तं मी घरी जाऊन गंमत पाह्यली असती.’’

‘‘पाह्यलीच असती तुमी.’’

‘‘अन् तू सारिकासमोर ब्लॉक म्हणली असती, तं मी पाकळीचे देले असते.’’

‘‘तुमी न विचारताच देले असते, तं मले म्हणावं लागलं नसतं.’’

दोघीही खरंच बोलत होत्या. अशा वेळी भांडण पुढे जात नाही, कारण जी आधी आवाज चढवेल तिचंच आधी उघड होणार. बाहेरून सारिका विचारत होती की करंज्या संपल्या का. मिक्सर फिरत होता.

‘‘आता काय कराचं?’’ संजीवनी म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच प्रश्न होता.

‘‘बोल्ट बदलाले मंडपी उतरवावी लागते. महालक्ष्म्या बसल्यावर ते होत नाही. खालून टेका द्यावा लागीन.’’ सत्यभामाबाईनं खिडकीतून मागच्या अंगणात पाहिलं. स्लॅबच्या वेळी टेकू दिलेल्या लाकडी बल्ल्या तिथं भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. ‘‘भाऊजीले म्हण, दोन बल्ल्या कापून द्या, मंडपीच्या उंचीच्या. मागच्या पट्टीखाली दोन्ही टोकाले उभ्या करू. वजन भिंतीवर नाही, जमिनीवर येईन.’’

‘‘बल्ल्या? महालक्ष्म्यांमागं? लोकं काय म्हणतीन?’’

‘‘केळीचे खुंट गुंडाळ वरून. अंगणात लावलेली हाय न केळ.’’

ज्ञानेश्वरनं बल्ल्या कापल्या. त्यानं काही विचारलं नाही. दोन्ही बाया एकाच बाजूनं बोलताना पाहून त्याला विचारायचं धाडस झालं नसावं. सत्यभामाबाईनं सासूला खुर्चीसकट दाराशी हलवलं, तुमच्यावर ऊन येते असं सांगून. मग पट्टीखाली बल्ली उभी केली, वर लाकडाची पाचर घातली आणि वरवंट्यानं अशी ठोकली की पट्टी केसभर वर उचलली गेली. दुसऱ्या टोकालाही तसंच. मागचा तडा दिसेनासा झाला. दोघींनी मिळून केळीची सोपटं गुंडाळली, वर हिरवी पानं बांधली.

बाया मागे सरून पाहू लागल्या. दोन हिरवे खांब, त्यावर भरलेली मंडपी, खाली दोन मुखवटे. हॉलमध्ये जणू एक लहानसं देऊळ उभं राहिलं होतं. सत्यभामाबाईनंही पाहिलं आणि आपल्या घरी इतकी वर्षं हे का सुचलं नाही, याचा तिला मनापासून संताप आला.

‘‘हे खांब कोणाच्या डोक्यातून निघाले?’’ जनकाबाईंनी विचारलं.

सत्यभामाबाईचं तोंड उघडलं होतं. पण ‘माझ्या’ म्हटलं की ‘का?’ हे आलं. ‘का’ आलं की भिंत आली, आणि भिंतीमागून दुकान आलं. ती थांबली तेवढ्यात संजीवनी म्हणाली, ‘‘आमच्या माहेरी रीत हाय, आत्याबाई. खांबाशिवाय मंडपी ठेवत नाहीत.’’

संजीवनीचं माहेर हिवरा आश्रमाकडचं. तिथं अशी काही रीत असल्याचं त्या दिवसापर्यंत कुणी ऐकलेलं नव्हतं, पण नाही म्हणायला तिथला माणूस कोण होता?

‘‘सत्यभामाबाई, तुमच्याकडं नव्हते काऊन कधी?’’ सारिकानं विचारलं.

‘‘आमच्याकडं गरज नव्हती पडली,’’ सत्यभामाबाई म्हणाली, आणि संजीवनीनं मान खाली घालून समई सारखी केली.

संध्याकाळी नैवेद्य झाला. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणाच्या पोळ्या. मंडपीतली एक करंजीसुद्धा हलली नाही. आरती संपल्यावर जनकाबाईंनी दोन्ही महालक्ष्म्यांपुढे हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘‘बिनविघ्न झालं. नवी वास्तू, नवी रीत. आता महालक्ष्म्या इथंच राहतीन. मुखवट्याची पेटी माह्या खोलीत ठेवा.’’

सत्यभामाबाईनं मान डोलावली. ज्या भिंतीपायी महालक्ष्म्या तिच्याकडे परत आल्या असत्या, तिच्यावरची मंडपी तिनंच वरवंट्यानं बल्ल्या ठोकून सावरली होती. काही उणं झालं नाही, कारण ते तिनं होऊ दिलं नाही. आणि हे सांगण्यासारखं माणूस त्या भरल्या घरात एकच होतं, ज्याला ते आधीच माहीत होतं.

जेवायला भावकी बसली. संजीवनी तूप वाढत फिरत होती. बाकीच्यांच्या पोळीवर ती चमचा टेकवून पुढे जायची. सत्यभामाबाईच्या ताटापाशी आली तेव्हा तिनं वाटीच वाकडी केली. पोळी बुडाली, तूप ताटाच्या कडेपर्यंत गेलं.

‘‘बस झालं न, जाऊबाई?’’ तिनं हळूच विचारलं.

सत्यभामाबाईनं पोळीचा तुकडा मोडला, तुपात फिरवला, सावकाश चावून खाल्ला. पुरण तिच्या हातचं होतं आणि चांगलं झालं होतं, याबद्दल वाद नव्हता. तिनं वर पाहिलं नाही.

‘‘नाही झालं,’’ ती म्हणाली. ‘‘वाढ अजून.’’

संजीवनीनं वाढलं.